शाळेमागच्या वईतली कोळीण

(दिवाळीच्या सुट्टीत झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर तुम्हाला रोज सकाळी कुणी ना कुणी मोबाईलवर पाठवतंच. मी कोळ्यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे कोळीवाड्यातले?" म्हटलं, नाही, आठ पायांचे. पुन्हा शांतता. तरीही त्यांनी परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. माझा मुलगा म्हणाला, "बरोबर आहे आई, तूही वेबवरच काम करतेस." हा विनोद आमच्या घरात फार जुना झालाय, पण इथे कुणी ऐकला नसेल म्हणून सांगून टाकला.

ज्या कोळिणीबद्दल मी बोलणार आहे तिला तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाऊस ओसरला की काजूच्या बागेत, पाणंदीत, दोन झाडांच्या मध्ये नेमकं तोंडाच्या उंचीवर एक गोल जाळं असतं. आपण चालत जातो, चेहऱ्याला काहीतरी चिकटतं, आपण हातवारे करत पुढे जातो. त्या जाळ्याच्या मधोमध तुटक्या बटणासारखं काहीतरी बसलेलं असतं. करंगळीच्या नखाएवढं, लांबीपेक्षा रुंदी जास्त, पाठ टणक, त्यावर पिवळसर पांढरे आणि काळे आडवे पट्टे, आणि कडेने सहा काटे. मधले दोन काटे सगळ्यांत मोठे. लहानपणी मी तिला कुर्ली म्हणायचे, कारण ती खेकड्यासारखी दिसते. पुढे वाचताना कळलं की अमेरिकेत सापडणाऱ्या तिच्या चुलत बहिणीला लिनियसने १७५८ साली ‘कँक्रिफॉर्मिस’ हे नाव दिलं, म्हणजे ‘खेकड्याच्या आकाराची’. लिनियसला आणि मला एकच गोष्ट सुचली, याचा मला फार आनंद झाला होता.

या सगळ्या काटेरी कोळ्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव गॅस्टरॅकँथा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि अकँथा म्हणजे काटा. सरळ मराठीत ‘पोटकाटी’. आपल्याकडची गॅस्टरॅकँथा जेमिनाटा. ती भारतात आणि श्रीलंकेत सापडते आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात नेहमी दिसते. तिची नोंद फाब्रिसिउस नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १७९८ साली केली. म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात ती गेली सव्वादोनशे वर्षं आहे. आणि भारतातल्या कोळ्यांवर ज्यांनी डोंगराएवढं काम केलं ते बी. के. टिकादर, त्यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात बसून या कामाचा मोठा भाग केला. मी पुण्यात वीस वर्षं नोकरी करतेय, पण त्यांचं नाव मला २०२० सालापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांच्या ग्रंथांतला एक खंड, १९८२ सालचा, याच गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबावर आहे.

आता सॉफ्टवेअरवाली बाई कोळ्यांकडे कशी वळली, ते थोडक्यात सांगते. मार्च २०२० मध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी आले, चार दिवसांसाठी म्हणून, आणि जवळजवळ वर्षभर राहिले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच झालं असेल. पडवीत टेबल टाकून काम चालायचं. सप्टेंबर सरताना पाऊस कमी झाला आणि शेवगा आणि जास्वंदीच्या मध्ये एका कोळिणीने जाळं टाकलं. माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर. नेट गेलं की मी तिच्याकडे बघत बसायचे, आणि आपल्या गावात नेट किती वेळा जातं हे तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी मी तिच्याकडे अडीच महिने बघितलं. तेव्हापासून दर वर्षी या दिवसांत कुठे ना कुठे एका तरी कोळिणीचा पत्ता ठेवते. पुण्यात टेकडीवर, आंबोलीला, आणि इथे आले की इथे.

पहिल्यांदा तिचं बांधकाम सांगते, कारण ते पाहिल्यावर मला आपल्या भूमितीच्या सरांची आठवण झाली. सर, तुम्ही कंपासशिवाय वर्तुळ काढणाऱ्याला उभं करायचात.

पहिला धागा ती फेकत नाही, वाऱ्यावर सोडते. एका फांदीवर उभी राहून पोट वर करते, रेशमाचा बारीक धागा हवेबरोबर लांबत जातो आणि समोर कुठेतरी अडकतो. अडकला की ती तो ओढून बघते. पक्का वाटला तर त्यावरून जात येत तो मजबूत करते. हा तिचा पूल. मग पुलाच्या मधून खाली उतरते, धागा खाली कुठेतरी बांधते आणि त्याचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. तो जोड म्हणजे जाळ्याचा केंद्रबिंदू. मग बाहेरची चौकट, मग मधून बाहेर जाणारे आरे, बैलगाडीच्या चाकाला असतात तसे. चाकाला जसा तुंबा, तसा मधोमध घट्ट विणलेला भाग.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत जास्त आवडते. आरे झाले की ती मधून बाहेरच्या बाजूला एक विरळ, न चिकटणारा वळसा टाकत जाते. हा कायमचा नाही, ही परांची आहे. घर बांधताना गवंडी बांबूची परांची बांधतात ना, तशी. मग ती बाहेरून आत यायला लागते आणि आता खरा चिकट धागा घालते, अगदी जवळजवळ, प्रत्येक आऱ्याला टेकवत. आत येता येता ती आपली परांची काढत जाते. काम संपतं तेव्हा परांचीचं नावनिशाण उरत नाही. आम्ही प्रोग्राम लिहिताना असा तात्पुरता कोड घालतो आणि नंतर काढू असं म्हणतो. माझ्या उद्योगात तो किती वर्षं तसाच राहतो, ते मी इथे सांगत नाही.

हे सगळं ती बघून करत नाही. तिला डोळे आठ असले तरी नजर यथातथाच. हे काम बहुतेक अंधारात किंवा पहाटे होतं. पायांनी अंतर मोजायचं, धाग्याचा ताण जोखायचा, पुढचा टाका घालायचा. नंतर दिवसभर ती मधोमध डोकं खाली करून बसते, पाय आऱ्यांवर ठेवून. कुठे काय थरथरलं ते तिला पायांतून कळतं. पान पडलं तर वेगळं, माशी अडकली तर वेगळं. मी एकदा गवताच्या काडीने जाळं हळूच हलवून पाहिलं. ती जागची हललीसुद्धा नाही. थोड्या वेळाने एक बारीक चिलट अडकलं, आणि हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती तिथे पोचली होती. भक्ष्य लहान असलं तर चावून ती ते मधोमध आणते आणि खाते. मोठं असलं तर आधी रेशमात गुंडाळते.

दुसऱ्या दिवशी जाळं नवीन. चिकट भाग धुळीने, वाऱ्याने, धडपडणाऱ्या किड्यांनी निकामी झालेला असतो. ती तो टाकून देत नाही, खाऊन टाकते. रेशीम म्हणजे प्रथिन. तेच पोटात जाऊन पुन्हा धागा होऊन बाहेर येतं. बाहेरची चौकट चांगली असेल तर तीच पुन्हा वापरते. आमच्या वाडीतले लोक रापण ओढून आल्यावर जाळं वाळत घालतात, फाटलेलं सांधतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रात जातात. मराठीने दोघांनाही कोळी हा एकच शब्द दिला, तो विचार करून दिला असावा.

आता तुम्हाला कोळीण बघायची असेल तर कशी बघायची, ते सांगते. खर्च काही नाही.

सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ चांगली. ऊन तिरपं असतं. जाळं शोधायचं ते उन्हाकडे तोंड करून, म्हणजे धागे चमकतात. ऊन पाठीमागे ठेवलंत तर समोर जाळं असून दिसणार नाही. दवाच्या दिवसांत तर प्रत्येक धाग्यावर थेंब असतात, तेव्हा आंधळ्यालाही दिसेल. झाडांच्या मधल्या मोकळ्या जागा बघा, वाटेच्या दोन्ही बाजू बघा, जिथून किडे उडत जातात ती जागा बघा. जाळं दिसलं की आधी थांबा आणि त्याचे बाहेरचे धागे कुठे बांधलेत ते शोधा. हे धागे कधी कधी दोन-दोन मीटर लांब जातात. आपण जाळं चुकवतो आणि पायाने तो धागा तोडतो, आणि सगळा डोलारा एका बाजूने खाली येतो. एका जागी आलात की हलू नका. जोरात धक्का बसला तर ती धाग्यावरून सरळ खाली उतरते किंवा फांदीकडे पळते, आणि मग बराच वेळ परत येत नाही.

फोटो काढायचा असेल तर जाळ्याच्या मागे काळी छत्री धरायला कुणाला तरी उभं करा. धागे स्वच्छ येतात. काही लोक जाळं उठून दिसावं म्हणून त्यावर पीठ उडवतात. तसं करू नका. तिची त्या दिवसाची सगळी मेहनत पिठात जाते.

आणि भीती बाळगू नका. हे काटे आपल्यासाठी नाहीत. एखाद्या पक्ष्याला किंवा सरड्याला ती सहज गिळता येऊ नये म्हणून आहेत. ती माणसाच्या अंगावर येत नाही, आणि तिच्यापासून माणसाला धोका नाही. पण म्हणून बोटाने डिवचूही नका.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, जाळं जमिनीपासून किती वितींवर, किती वितींचं, कोणत्या दोन झाडांना बांधलंय, आदल्या दिवशी पाऊस होता का, आज काय अडकलं. बस. मी ऑफिसात ज्याला लॉग म्हणते तेच हे. पहिल्या आठवड्यात वही कंटाळवाणी वाटते. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला दिसायला लागतं की जोराच्या वाऱ्यानंतरचं जाळं लहान असतं, की ती हळूहळू दक्षिणेकडे सरकलीय कारण शेवग्याची फांदी तुटली. एकाच कोळिणीला रोज बघण्याचा फायदा हा. रोज नवीन कोळी बघत फिरलात तर फक्त फोटो जमतात.

मी सांगितलं नाही अशी एक गोष्ट राहिली, ती आमच्या बाबांमुळे माझ्या लक्षात आली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. जाळं त्यांना दिसत नसे. पण ते मला रोज सांगायचे, "गो बाय, ते पांढरे ठिपके दिसतत मगे मी बाजूक होतंय." मी जवळ जाऊन बघितलं. जाळ्याच्या बाहेरच्या धाग्यांवर ठरावीक अंतराने रेशमाचे छोटे पांढरे गोंडे बांधलेले होते. कापसाचे बारीक तुकडे चिकटवावेत तसे. मी इतके दिवस कोळिणीकडे बघत होते, आणि गोंडे दिसले ते ज्यांना कोळीण दिसत नव्हती त्यांना.

हे गोंडे कशासाठी, यावर बरंच संशोधन झालंय. एक मत असं की ही पक्ष्यांसाठी पाटी आहे: इथे जाळं आहे, वळून जा. पक्षी जाळ्यात घुसला तर पक्ष्याचं फारसं बिघडत नाही, पण कोळिणीचं घर जातं. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर आणि त्यांचे सहकारी स्टीफन नोविकी यांनी १९८३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गोल जाळ्यांवर त्यांनी मुद्दाम पांढऱ्या खुणा लावल्या आणि काही तशीच ठेवली. खुणा असलेली जाळी सकाळभरात जास्त टिकली, नसलेली बरीच मोडली. त्यांची जाळी दुसऱ्या जातींच्या कोळ्यांची होती आणि खुणा जाळ्याच्या मधल्या भागात होत्या, पण विचार तोच. दुसरं मत असं की पांढऱ्या खुणांकडे किडे आकर्षित होतात. कोळिणीच्या पिवळ्या रंगाबद्दलही असाच वाद आहे: तो धोक्याचा इशारा की किड्यांसाठी फुलासारखं आमिष? जगात वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या प्रयोगांनी वेगवेगळी उत्तरं दिलीत. मला या वादात मजा वाटते. आमच्या बाबांचं मत पहिल्या बाजूला, एवढं मी नोंदवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही ते बदललेलं नाही.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगते. एक म्हणजे, मी सारखं ‘ती’ म्हणतेय ते उगाच नाही. जाळ्यात बसलेली काटेरी कोळीण ही मादीच असते. नर इतका बारीक, की तुम्ही त्याला कचरा समजाल. त्याला असे मोठे काटे नसतात. तो जाळ्याच्या कडेला एका धाग्यावर लटकतो आणि तो धागा पायांनी ठरावीक तालात वाजवतो, म्हणजे मी भक्ष्य नाही, पाहुणा आहे, हे तिला कळावं. फ्लोरिडात संत्र्यांच्या बागांमध्ये तिच्या अमेरिकन बहिणीचा बारकाईने अभ्यास झाला. तिथली मादी शंभर ते अडीचशेच्या आसपास अंडी जवळच्याच पानाखाली घालते, त्यावर रेशमाची गादी घालते, आणि मग तिचं आयुष्य संपतं. पिल्लांना ती कधीच दिसत नाही. जाळं विणायला त्यांना कुणीही शिकवत नाही. पण पिल्लांना पुढच्या हंगामापर्यंत ती पानं, ती झुडपं जागेवर लागतात.

दुसरी गोष्ट: दिवाळीच्या आधी आपण घरातली जळमटं झाडतो. झाडा, जरूर झाडा. घराच्या कोपऱ्यातला तो गुंता लांब पायांच्या घरकोळ्यांचा असतो, आणि तो ते पुन्हा करणारच. पण अंगणातलं, कुंपणावरचं गोल जाळं कुंचा घेऊन तोडायला जाऊ नका. तिथे तुमच्या वाटणीचे डास आणि चिलटं अडकतायत. भातशेतीतही कोळी किडे खातात, हे इथल्या शेतकऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येते. एवढं सगळं त्यासाठीच बोलले.

आपण सगळ्यांनी मिळून शाळेसाठी निधी जमवलाय. बाहेर फळ्यावर आराखडा लावलाय, तो मी काल संध्याकाळी नीट बघितला. मुलींची स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, प्रयोगशाळेची दुरुस्ती, सगळं उत्तम आहे. त्यात एक कलम असं आहे की प्रयोगशाळेच्या मागची जुनी वई काढून तिथे चिऱ्याची भिंत बांधायची आणि भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक घालायचे.

आज सकाळी आठ वाजता मी त्या वईच्या कडेने चालले. निरगुडी, करवंद, कुडा, मधे मधे घाणेरी, वर करंजाच्या फांद्या. पंप हाऊसपासून कोपऱ्यातल्या फणसापर्यंत चालत जाताना मला पोटकाटीची नऊ जाळी दिसली. नऊ. आंबोलीच्या वाटेवर एका सकाळी एवढी दिसली तर मी खूश होऊन परत येते. तीन जाळ्यांत छोटे चंदेरी कोळीही होते. ते स्वतः जाळं विणत नाहीत, दुसऱ्याच्या जाळ्यात राहून बारीकसारीक भक्ष्य चोरतात. एका जाळ्याच्या धाग्यावर नर बसलेला होता. हे सगळं आपल्या शाळेच्या आवारात, आठवीच्या वर्गाच्या खिडकीपासून पन्नास पावलांवर.

गोल जाळ्याला समोरासमोर दोन आधार लागतात आणि मधे मोकळी जागा लागते. सपाट भिंतीवर ते बांधता येत नाही. वई गेली की या नऊ जणी जातील, त्यांची पानाखालची अंडी जातील, आणि पुढच्या वर्षी तिथे काही नसेल. कुणी मुद्दाम मारणार नाही. फक्त बांधायला जागा उरणार नाही.

मी सरांशी काल बोलले. त्यांची काळजी रास्त आहे. वई म्हणजे जनावर आलं, आणि आपल्याकडे फुरसं आहे, त्याच्याशी खेळ नाही. मुलांच्या जिवापुढे कोळीण मोठी नाही, हे मी आधीच म्हणते. पण फुरसं लपतं कुठे? मागे मोडक्या बाकांचा ढीग आहे, जुनी कौलं आहेत, चिऱ्यांचे तुकडे रचून ठेवलेत, आणि गुडघाभर गवत आहे. धोका मला त्या ढिगात जास्त दिसतो. तो आपण आधी उचलू या.

म्हणून माझा प्रस्ताव असा. भिंत बांधायचीच असेल तर वईच्या पलीकडून, शाळेच्या हद्दीवरून बांधा. वई आत राहील. वई आणि इमारत यांच्या मधला दहा फुटांचा पट्टा साफ ठेवा, गवत वेळच्या वेळी कापा, ढीग हलवा. पेव्हर ब्लॉक समोरच्या अंगणात घाला, जिथे गाड्या लागतात आणि पावसात चिखल होतो. मागच्या बाजूचे ब्लॉक वाचले तर तो पैसा पाण्याच्या टाकीसाठी वापरता येईल, ती नाहीतरी लहानच वाटतेय. भिंत थोडी लांब होईल, त्याचा वाढीव खर्च किती येईल याचा अंदाज माझ्या वर्गातला एक ठेकेदार मित्र आज जेवणाच्या वेळी काढून देणार आहे. तो खर्च उचलायची जबाबदारी १९९६ ची तुकडी घेईल, असं मी माझ्या वर्गाला न विचारताच जाहीर करते. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणजे संमती आहे असं धरते.

आणि एक वही. आठवीच्या वर्गात एक वही ठेवा. दर वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर, रोज दोन मुलं, दहा मिनिटं, बाईंच्या सोबतीने. किती जाळी, कुठे, किती उंचीवर, काय अडकलं. रोजची नोंद दोन ओळींची. पाच वर्षांनी या शाळेकडे अशी नोंद असेल जी मोठ्या संस्थांकडेही सहसा नसते, कारण एकाच जागी रोज जाऊन बघायला कुणाकडे वेळ नसतो. मुलांकडे असतो. जगातल्या कोळ्यांच्या नोंद झालेल्या जातींची संख्या २०२२ साली ५०,००० च्या वर गेली. ही यादी ठेवणाऱ्या बर्नच्या संग्रहालयाने ते जाहीर केलं. अजून कित्येकांची नोंद व्हायची आहे. त्यातली एखादी आपल्या वईत असेलच असं मी म्हणत नाही. पण वई ठेवली तरच कुणाला तरी बघता येईल.

आपल्या वेळी जीवशास्त्राच्या बाई आम्हाला याच वईकडे न्यायच्या. पानांचे प्रकार शिकवायला. समोरासमोरची पानं, एकाआड एक पानं, संयुक्त पानं, सगळी तिथेच होती. बाई, तुम्ही इथे बसल्या आहात. निरगुडीचं पान संयुक्त, हे मला अजून आठवतं, ते पुस्तकात वाचलं म्हणून नाही. आजच्या मुलांनाही ती वई मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

दुपारच्या सभेत हा विषय मताला टाकावा अशी संयोजकांना विनंती करते. त्याआधी ज्यांना बघायचं आहे त्यांनी चहानंतर मागच्या दाराने या. मी तिथे उभी असेन. दुपारचं ऊन वरून येतं, तेव्हा जाळी पटकन दिसणार नाहीत, म्हणून मी नऊही जागांपासून हातभर अंतरावर लाल कापडाची चिंधी बांधून ठेवलीय. चिंधी दिसली की थांबा, पुढे पाऊल टाकू नका, आणि तोंडाच्या उंचीवर बघा.